भिंतीवरचे सूत

‘फायबर आर्ट’ हा शब्द आपल्याकडे अलीकडे बराच कानावर येतो. त्याला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. कोणी ‘तंतुकला’ म्हणतात, कोणी ‘धागाकला’. आमच्या महाविद्यालयात तर सरळ ‘टेक्स्टाइलवाल्यांचे काम’ म्हणून मोकळे होतात. शब्दावरून वाद घालण्यात अर्थ नाही. पण सूत, दोर, कापड, वेत अशा वस्तूंनी केलेले काम भिंतीवर टांगलेले दिसले की पाहणारा पहिला प्रश्न हमखास असा विचारतो : याचा उपयोग काय? तैलचित्राला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. या कामाकडे कसे पाहावे, एवढेच प्रस्तुत लेखात सांगण्याचा माझा प्रयत्न आहे. उदाहरणे मुद्दाम आपल्या बाजूची, मुंबईची किंवा मुंबईशी नाते असलेली घेतली आहेत. लोझान आणि न्यूयॉर्क ही नावे आपण परीक्षेसाठी पाठ करतो. ऑपेरा हाऊसजवळच्या एका सरकारी केंद्रात काय घडले ते मात्र आपल्याला ठाऊक नसते.

आधी थोडे व्याकरण. चित्रकार ज्या कॅनव्हासवर रंग लावतो तो कॅनव्हास म्हणजे विणलेले कापडच असते. पण त्यावर आपण प्रायमर चढवतो, वीण बुजवून टाकतो आणि मग चित्राला सुरुवात करतो. म्हणजे चित्रकलेत कापड असते, पण ते नसल्यासारखे असावे अशी अपेक्षा असते. विणलेल्या कामात हे उलटे होते. तेथे आधी कापड आणि मग त्यावर चित्र, अशा दोन पायऱ्याच नाहीत. कापड जसजसे वाढते तसतसे चित्र वाढते, आणि चित्र काढून घेतले तर मागे कापड उरत नाही.

याचे उत्तम उदाहरण आपल्या घरात, कपाटातल्या मलमलीत गुंडाळून ठेवलेले असते. येवल्याच्या अस्सल पैठणीच्या पदरावरचा मोर हा छापलेला नसतो आणि भरतकामाने काढलेलाही नसतो. बाण्याचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सलग न नेता प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी घेतात. विणकर तिला तिल्ली म्हणतात. हिरव्याची तिल्ली हिरव्याच्या हद्दीपर्यंत जाते, शेजारच्या जांभळ्या धाग्यात अडकते आणि परत फिरते. म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. युरोपात ज्याला टॅपेस्ट्री म्हणतात तिचे मूलतत्त्वही हेच : एकेक रंग आपापल्या हद्दीत विणणे. आपल्या इतिहासाच्या तासाला टॅपेस्ट्रीवर पानभर टिपण असते आणि पैठणीवर एक ओळ. असो.

आता ऑपेरा हाऊसजवळच्या केंद्राकडे वळू. स्वातंत्र्यानंतर हातमागाला नवी बाजारपेठ मिळावी म्हणून अखिल भारतीय हातमाग मंडळाने १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे काढली. त्यामागे पुपुल जयकर यांची मोठी प्रेरणा होती. या केंद्रांत चित्रकारांना नोकऱ्या मिळाल्या, ही गोष्ट आपल्या कलेतिहासात फार महत्त्वाची आहे असे मला वाटते. के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत हातमाग मंडळाचे डिझाइनचे काम पाहत होते. अकोल्याचे अंबादास या केंद्रांत होते, जेराम पटेल होते. आपले प्रभाकर बरवे १९६१ मध्ये नोकरीला लागले, काही वर्षे बनारसच्या केंद्रात राहिले आणि नंतर मुंबईला आले. बरव्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ आपल्यापैकी अनेकांनी वाचले आहे. पण हा माणूस आयुष्यातली बरीच वर्षे दिवसा विणकरांसाठी नमुने करीत होता, हे वाचताना आपल्या लक्षात राहत नाही.

या केंद्रांची रचना साधारणपणे अशी होती : चित्रकाराने कागदावर नमुना काढायचा, विणकराने तो मागावर उतरवायचा. दोघांचाही त्यात फायदा झाला. परंतु ही व्यवस्था एका अर्थाने जुनीच होती. डोके एकाचे, हात दुसऱ्याचे. कागदावरची रेघ स्वच्छंद असते, ती कोठेही वळते. मागावरची रेघ ताण्या-बाण्याच्या चौकटीतून, पायरीपायरीने वळते. कागदावरचा नमुना विणायला दिला की काहीतरी गळते आणि काहीतरी नवे येते. काय गळले व काय आले, हे फक्त मागावर बसलेल्याला कळते. चित्रकार स्वतः मागावर जाऊन बसला तर काय होईल, हा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. आणि मुंबईत त्याचे उत्तर दोन स्त्रियांनी दिले.

पहिल्या नेली सेठना (१९३२–१९९२). त्या अमेरिकेत क्रॅनब्रूक येथे मारियान स्ट्रेंगेल या फिनिश वंशाच्या विणकर-शिक्षिकेपाशी शिकल्या, परत येऊन त्यांनी गिरणीच्या कापडासाठी डिझाइन केले, स्वतः मोठी भित्तिवस्त्रे विणली आणि पुढे कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या प्रेरणेने कलमकारीच्या पुनरुज्जीवनात पडल्या. कलमकारीवर त्यांनी पुस्तकही लिहिले. त्यांच्याविषयी एक स्वतंत्र लेख कोणीतरी लिहायला हवा.

दुसऱ्या मोनिका कोरिया. त्यांचा जन्म १९३८ चा, मुंबईचा. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे. पती वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यासमवेत १९६२ मध्ये त्या अमेरिकेत होत्या, तेव्हा त्याच स्ट्रेंगेलबाईंशी त्यांची गाठ पडली आणि विणण्याचे पहिले धडे तेथे मिळाले. मुंबईला परतल्यावर विणकर सेवा केंद्रात पुढचे शिक्षण झाले. त्यानंतर त्यांनी जी एक गोष्ट केली ती समजण्यासाठी मागाची फणी म्हणजे काय हे ठाऊक हवे, म्हणून येथे थोडे थांबते.

मागावर ताण्याचे शेकडो धागे उभे ताणलेले असतात. त्यांच्यामधून धोटा आडवा जातो आणि बाण्याचा धागा मागे सोडतो. तो धागा आधीच्या विणीला घट्ट बसवण्यासाठी विणकर फणी पुढे ठोकतो. हातमागाच्या पेठेतून जाताना जो ‘खट् खट्’ आवाज येतो त्यात मोठा वाटा या ठोकण्याचा असतो. पण फणीचे आणखी एक काम आहे आणि ते आवाज करीत नाही. ताण्याचा प्रत्येक धागा फणीच्या दातांमधल्या ठराविक फटीतून ओवलेला असतो, त्यामुळे तो आपली जागा सोडू शकत नाही. उभे धागे शेवटपर्यंत समांतर राहतात ते फणीमुळे. कापड चौकोनी असते, सरळ असते, गज दोन गज मोजून फाडता येते, या सगळ्यामागे फणीची शिस्त आहे.

मोनिका कोरिया यांनी आपला माग असा करून घेतला, की विणकाम चालू असताना मध्येच फणी काढून घेता यावी. फणी गेली की उभे धागे मोकळे होतात. ते एकमेकांकडे झुकतात, दूर जातात, वळणे घेतात. कोठे दाटी होते तर कोठे उघडी जाळी पडते. बाणा त्यांना धरून ठेवतो, पण सरळ राहण्याची सक्ती करीत नाही. हवे तेव्हा फणी पुन्हा बसवायची आणि शिस्त परत आणायची. शिस्त व मोकळेपणा यांचा हा खेळ एकाच कामात, एकाच ताण्यावर दिसतो. त्यांचे १९७२ चे ‘ओरिजिनल सिन’ हे काम आज न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. रंग अगदी मोजके असतात. बिनधुवट सुताचा पांढरा, काळा, तपकिरी. पहिल्या नजरेला ही कामे उदास वाटतात. पण मुंबईतल्या एका दालनात त्यांच्यापैकी एकासमोर मी बराच वेळ उभी राहिले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्या कामात रेघ कोणी काढलेली नाही. रेघ म्हणजे प्रत्यक्ष ताण्याचा धागाच, आणि तो ज्या वाटेने गेला ती वाट. कागदावरून नमुना उतरवून ही रेघ मिळाली नसती.

हे तपासून पाहावे म्हणून मी आमच्या विभागात लाकडी चौकटीवर खिळे मारून, फणीशिवाय, एक वीतभर पट्टी विणली. धागा बसवायला सतरंजीवाल्यांचा लोखंडी पंजा वापरला. वाचकांपैकी कोणालाही हे दोन दिवसांत करता येईल आणि जरूर करावे. पहिल्या चार बोटांतच कळते, की मोकळा धागा म्हणजे हवा तसा वळणारा धागा नव्हे. त्याला ताण असतो, त्याच्या शेजाऱ्याला ताण असतो, आणि एकाला डावीकडे ढकलले की पलीकडच्या सहांवर परिणाम होतो. चित्रकाराचा ब्रश असा प्रतिवाद करीत नाही. फणीशिवाय विणणारा माणूस धाग्यांशी वाटाघाटी करीत असतो, आणि पाहणाऱ्याला दिसतो तो त्या वाटाघाटींचा निकाल.

फणी काढली तरी माग असतोच. मागही नको असे म्हणणाऱ्या कलावती म्हणजे मृणालिनी मुखर्जी. त्यांचाही जन्म मुंबईचा, १९४९ चा. वडील बिनोदबिहारी मुखर्जी, आई शिल्पकार लीला मुखर्जी. बालपण डेहराडून आणि शांतिनिकेतनात गेले, शिक्षण बडोद्याला झाले. तेथे आधी चित्रकला आणि मग १९७० ते १९७२ सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्रण. हातमाग मंडळातले सुब्रमण्यन ते हेच. बडोद्याला परतल्यावरही त्यांनी सुताचा, दोराचा, खेळण्यांचा नाद सोडला नव्हता आणि ‘ललित’ व ‘उपयोजित’ यांच्यामधली भिंत ते विद्यार्थ्यांपुढे मानीत नसत. ऑपेरा हाऊसजवळच्या त्या केंद्रातून निघालेला एक धागा असा बडोद्यामार्गे पुढे जातो.

मृणालिनींनी घेतला तो बाजारात विकत मिळणारा हेम्पचा दोर. आपल्याकडे शेतकरी ताग-अंबाडीपासून दावी, कासरे, चऱ्हाटे वळतात, त्याच जातकुळीतला हा जाड, खरबरीत दोर. त्याला रंग द्यायचा आणि हातांनी गाठी मारायच्या. माग नाही, सुई नाही, विणकामाच्या सळ्या नाहीत. गाठ तरी कोणती? मॅक्रमेची साधी गाठ. १९७० च्या दशकात कुंड्या टांगण्यासाठी मॅक्रमेच्या जाळ्या करण्याची टूम निघाली होती, ती ही. आणि तिच्याही कितीतरी आधी आपल्या आजी-पणज्या दह्यादुधाची मडकी ज्यात ठेवीत ते शिंके याच कुळातले. शिंक्याच्या गाठीतून मृणालिनींनी माणसापेक्षा उंच मूर्ती उभ्या केल्या. ‘रुद्र’ १९८२ ची, ‘यक्षी’ १९८४ ची, ‘वनश्री’ १९९४ ची. काही कामांना आत लोखंडी आधार आहे, काही छताला टांगलेली आहेत. आधी रेखाटन करून मग ते उतरवणे ही त्यांची रीत नव्हती. एक गाठ पुढची गाठ सुचवीत जाई. एकेक काम पुरे व्हायला महिनेच्या महिने लागत.

या मूर्ती देवतांच्या आहेत का? नावे तशी आहेत, पण कोणत्याही मूर्तिशास्त्राच्या ग्रंथात त्यांचे लक्षण सापडणार नाही. घड्या, ओठ, पाकळ्या, कवचे, गुहा असे सारे एकात एक मिसळलेले असते. वनस्पती कोठे संपते आणि शरीर कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. दगडात किंवा लाकडात शिल्पकार बाहेरून आत जातो, नको ते काढून टाकतो. मातीत तो भर घालतो. दोराच्या शिल्पात या दोन्ही गोष्टी नाहीत. तेथे एक पृष्ठभागच वाढत जातो, दुमडतो आणि स्वतःभोवती पोकळी तयार करतो. शिवाय दोराला वजन असते. तो खाली ओघळतो, आणि हे ओघळणे शिल्पकाराने मोडून काढलेले नाही, कामी लावलेले आहे. ‘वनश्री’च्या अंगावरच्या घड्यांचा जडपणा कोरून आणलेला नाही, तो खरोखरीचा जडपणा आहे. छायाचित्रात हे निम्मेही कळत नाही. आमच्या ग्रंथालयातल्या पुस्तकात या शिल्पाचा पोस्टकार्डाएवढा फोटो आहे. त्यात ते लोकरीच्या बाहुलीसारखे दिसते. त्या फोटोवरून कोणी मत बनवू नये.

पुढे मृणालिनी मातीकडे आणि मग ब्राँझकडे वळल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकी प्रदर्शन जानेवारी २०१५ मध्ये उघडले आणि काही दिवसांतच, २ फेब्रुवारीला, त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कमध्ये मेट ब्रॉयर येथे त्यांचे मोठे प्रदर्शन भरले ते २०१९ मध्ये. हयातीत मात्र ‘हे शिल्प की हस्तकला?’ हा प्रश्न त्यांच्या पाठीशी कायम होता.

त्या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही, कारण तो आपल्या महाविद्यालयातही रोज विचारला जातो. आमचे एक प्राध्यापक (त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे) वर्गात म्हणाले, की हस्तकलेत कौशल्य असते पण प्रश्न नसतो. तीच गोष्ट उत्तम रीतीने पुन्हा करणे म्हणजे हस्तकला. हे मत सहज खोडून काढण्याजोगे नाही. येवल्याच्या विणकराला मोर बदलून पाहण्याची मुभा नाही. गिऱ्हाईक तोच मोर मागते. पण मुभा नसणे आणि प्रश्न नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि दुसरे असे, की कोण कोणत्या कलेकडे जाणार हे पुष्कळदा कलेबाहेरची माणसे ठरवीत आली आहेत. जर्मनीतल्या बाउहाउससारख्या पुढारलेल्या संस्थेत मुलींना बहुतेक विणकाम विभागातच पाठवीत. अ‍ॅनी अल्बर्स यांनाही नाइलाजाने तेथे जावे लागले. पुढे त्यांनी त्याच मागावरून अमूर्त कलेचा एक अध्याय लिहिला. आमच्या विभागात सध्या मुली किती आणि मुलगे किती, हे वाचकांनी स्वतः येऊन मोजावे.

यानंतरच्या पिढीची कामे पाहिली तर ‘कोणाचे हात’ हा प्रश्नच कामाचा विषय होऊन बसलेला दिसतो. बंगळूरच्या शीला गौडा यांनी १९९८ पासून केलेल्या एका मालिकेत लांबच लांब दोरे सुयांमधून ओवून, कुंकवाने लाल करून, त्यांचे दोर वळले आणि ते भिंतीवर, जमिनीवर वेटोळ्यासारखे सोडले. टोकाला सुयांचा झुपका लोंबतो. या कामात शिवण एकही नाही, तरी शिवण्याचे कष्ट प्रत्येक इंचात आहेत. मुंबईच्या शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखते केली, स्त्रीच्या देहाला राखणारी आणि कोंडणारीही. वेताच्या कारागिरांबरोबर बसून ती घडवलेली आहेत, हे त्या लपवीत नाहीत. दिल्लीच्या प्रिया रविश मेहरा यांनी तर नजीबाबादच्या रफूगरांनाच आपल्या कामाचा विषय केले. रफूगराचे कसब असे विलक्षण, की काम जितके चांगले तितके ते दिसेनासे होते. ज्याचे यश अदृश्य होण्यात आहे त्याची स्वाक्षरी कोठे घ्यावी?

उलट बाजूचे एक उदाहरण देते. जानेवारी २०२२ मध्ये पॅरिसला रोदँ संग्रहालयात दिओर या कंपनीच्या वस्त्रप्रदर्शनाच्या वेळी माधवी पारेख आणि मनू पारेख यांची चित्रे प्रचंड आकारात भरतकाम करून भिंतीभर लावली होती. हे भरतकाम मुंबईच्या चाणक्य या कर्मशाळेत व तिच्या कारागिरी-शाळेत झाले. चित्रकारांची नावे सर्वत्र आली, कंपनीचे नाव आले, कर्मशाळेचेही आले. आणि एवढे तरी आले याचा मला आनंदच वाटतो, कारण पूर्वी तेही येत नसे. पण त्या भिंतीचा अमुक एक हात कोणी भरला, ते मात्र पाहणाऱ्याला कळत नाही. चित्रकाराची रेघ आणि टाका घालणारीची रेघ या दोन निराळ्या रेघा आहेत, हे ताण्याच्या उदाहरणावरून वर पाहिलेच आहे.

मग गोधडीचे काय, असे कोणी विचारील. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक घालून, काठापासून धावदोऱ्याने आत आत येत शिवलेली गोधडी ही काही कमी रचना नव्हे. माझ्या मावशीने शिवलेल्या एका वाकळीत एका कोपऱ्यात टाक्यांची दिशा अचानक बदलते. तेथे कापड विरले होते म्हणून तिने टाके दाट घेतले. कोरियांच्या दाटी-जाळीचा खेळ मी आधी तेथेच पाहिला होता. तरीसुद्धा प्रत्येक गोधडी उचलून दालनात टांगावी या मताची मी नाही. गोधडी अंगावर घेण्यासाठी आहे आणि टांगली की तिची ऊब जाते. दालनात नेण्याने तिचा मान वाढतो असे समजणे म्हणजे दालन मोठे आणि घर लहान हे आधीच मान्य करणे होय. मात्र एखादा कलावंत गोधड्या विकत घेऊन, त्यांची तुकडेजोड करून त्याखाली स्वतःचे एकट्याचे नाव लिहितो, तेव्हा त्या कामात जे टाके आहेत ते कोणाचे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आता एक व्यवहाराची सूचना. आपल्या वार्षिक प्रदर्शनात प्रत्येक कामाखाली जी चिठ्ठी लावतो तिच्यावर विद्यार्थ्याचे नाव, वर्ग आणि माध्यम एवढेच असते. वस्त्रकला विभागातली कितीतरी कामे अशी असतात, की सूत एकाने रंगवलेले असते, ताणा मागावर चढवून देणारे मामा निराळे असतात आणि विणणारी विद्यार्थिनी तिसरीच. आमच्या विभागाचे हे मामा निवृत्तीला आले आहेत, आणि हातांनी हजारभर टोके चुका न करता फणीतून ओवणारे दुसरे कोणी आमच्याकडे नाही. चिठ्ठी दोन ओळींनी वाढवायला खर्च येत नाही. येत्या प्रदर्शनात माझ्या कामाखाली मी ताणा कोणी भरला ते लिहिणार आहे; मामांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘लिहा की, पण आडनाव नीट लिहा.’’